ज्युदोतील आंतरराष्ट्रीय कारकीर्द नेमकी कशी घडते आणि कोठे अडते?

तातामीकाठी यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची असून गेली दोन वर्षे ती आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धांत खेळते आहे. सध्या ती २१ वर्षांखालील गटात, ५७ किलो वजनात उतरते. पुढील वर्षापासून तिने वरिष्ठ गटातही खेळावे असे तिच्या प्रशिक्षकांचे मत आहे. तिच्या पकडीबद्दल आणि पायांच्या हालचालींबद्दल ते तासभर बोलू शकतात. मात्र या वाटेने गेल्यास तिची पुढची आठ-दहा वर्षे कशी जातील असे आम्ही विचारले, की 'आधी पदके येऊ द्या' एवढ्यावर विषय संपतो.

मी आणि माझी पत्नी, दोघेही हा खेळ कधी खेळलेलो नाही. त्यामुळे क्रमवारीचे गुण कसे चालतात, ऑलिंपिकची जागा प्रत्यक्षात कोणाला मिळते आणि गुणी खेळाडूंची कारकीर्द बहुधा कोठे थांबते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. तिचे एरवीचे वजन ५९ किलोच्या आसपास असते. ५२ किलोत स्पर्धा सोपी पडेल, तेव्हा तिने त्या गटात उतरावे, असे एका हितचिंतकाने सुचवले आहे. आपले काय मत आहे?

सोदेत्सुरी यांचे उत्तर

मी वरिष्ठ गटात नऊ वर्षे खेळलो. माझ्याकडे पदके कमी आणि पाचवे-सातवे क्रमांक भरपूर आहेत, त्यामुळे पुढील मजकूर पदकविजेत्याच्या नव्हे, तर त्याच्या दाराशी वारंवार जाऊन परतलेल्या माणसाच्या नजरेने लिहिलेला आहे असे समजावे.

आजची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जागतिक क्रमवारीभोवती फिरते, आणि ही क्रमवारी २००९ पासून आहे. ग्रां प्री स्पर्धेतील सुवर्णाला ७०० गुण, ग्रँड स्लॅमला १०००, मास्टर्सला १८००, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला २००० आणि ऑलिंपिकला २२०० गुण मिळतात. रौप्याला त्याच्या ७० टक्के, कांस्याला निम्मे आणि पाचव्या क्रमांकाला ३६ टक्के मिळतात. हे आकडे कोठेही वाचायला मिळतील. मेख पुढे आहे. मिळालेले गुण बारा महिन्यांनी निम्मे होतात आणि चोवीस महिन्यांनी पूर्ण जातात. म्हणजे ग्रँड स्लॅममधील कांस्याचे ५०० गुण वर्षभराने २५० उरतात, आणि मधल्या काळात एकही लढत न हरलेला खेळाडूसुद्धा क्रमवारीत घसरतो. मला गुडघ्यामुळे सात महिने बसावे लागले तेव्हा या नियमाचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला. शस्त्रक्रियेची जखम भरत होती आणि त्याच वेगाने माझे गुण आटत होते.

क्रमवारी केवळ प्रतिष्ठेसाठी नसते. तिच्यावरून पहिल्या आठ जणांना मानांकन मिळते, आणि मानांकित खेळाडू ड्रॉमध्ये एकमेकांपासून लांब ठेवले जातात. नवख्या खेळाडूला हे संरक्षण नसते, त्यामुळे त्याची पहिली किंवा दुसरी लढत एखाद्या जगज्जेत्याशी पडू शकते. त्यात उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांनाच रेपेशाजमधून कांस्याकडे जाण्याची दुसरी संधी मिळते; त्याआधी हरलेला थेट घरी जातो. चौदा तासांचा प्रवास आणि चाळीस सेकंदांची लढत, हे माझ्या वाट्याला तीनदा आले. वरिष्ठ गटातील पहिली दीड-दोन वर्षे बहुतेकांची अशीच जातात. तेव्हा 'हिचा खेळ उतरला' असा निष्कर्ष घरच्यांनी काढू नये, ही विनंती मी आताच करून ठेवतो.

मग इतक्या लांब जाऊन खेळाडूला मिळते काय? याचे उत्तर स्पर्धेनंतरच्या दिवसांत आहे. मोठ्या स्पर्धांना जोडून बहुधा प्रशिक्षण शिबिर असते आणि तेथे जगातील उत्तमोत्तम खेळाडू एकाच मॅटवर रांदोरी (मोकळ्या सरावाच्या लढती) करतात. पदकविजेता असो वा पहिल्या फेरीत बाद झालेला, एकमेकांपुढे वाकून अभिवादन करायचे आणि पकड घ्यायची. एका आठवड्यात तेथे जितक्या वेगवेगळ्या शैलींचे हात गळपट्टीवर पडतात, तितके आपल्या नेहमीच्या सरावात वर्षभरातही पडत नाहीत. कन्येला स्पर्धेला पाठवून शिबिराआधीच परत आणणार असाल, तर तो प्रवास अर्धा वाया गेला असे समजावे.

आता ऑलिंपिक. पॅरिस २०२४ साठी सर्व वजनगट मिळून ३७२ जागा होत्या. प्रत्येक गटात क्रमवारीतील पहिल्या १७ जणांना थेट प्रवेश होता, पण एका देशाला एका गटात एकच जागा. उरलेल्या जागा खंडनिहाय कोटा, यजमान देश आणि लहान देशांसाठीची निमंत्रणे यांत विभागल्या होत्या. एका देशाचा दुसरा, तिसरा खेळाडू गाळून मोजणी होत असल्यामुळे प्रत्यक्ष क्रमवारीत सतराव्याच्या बऱ्याच खाली असलेल्यालाही जागा मिळू शकते, आणि याउलट जगात पहिल्या पाचांत असलेला घरी बसू शकतो.

आपल्या कन्येच्याच वजनगटातील उदाहरण देतो. क्रिस्टा देगुची जपानमध्ये जन्मलेली आणि कॅनडाकडून खेळणारी. तिने २०१९ मध्ये जागतिक सुवर्ण जिंकले. त्याच देशात, त्याच ५७ किलोत जेसिका क्लिमकेट होती. जून २०२१ मध्ये बुडापेस्टला क्लिमकेट जगज्जेती झाली, टोकियो ऑलिंपिकची जागा तिला मिळाली आणि तेथे तिने कांस्य घेतले. देगुचीला, जगज्जेती असूनही, थांबावे लागले. तिने २०२३ मध्ये पुन्हा जागतिक सुवर्ण जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण. तीन वर्षे थांबण्याचे फळ सगळ्यांनाच एवढे गोड मिळत नाही. जोशिरो मारुयामा हा जपानचा ६६ किलोतील दोन वेळचा जगज्जेता. पण त्याच काळात त्याच गटात हिफुमी आबे होता. टोकियोच्या जागेसाठी दोघांची १३ डिसेंबर २०२० रोजी कोदोकानमध्ये (टोकियोतील ज्युदोच्या मूळ संस्थेत) एकच लढत ठेवली गेली, ती २४ मिनिटे चालली आणि आबे जिंकला. मारुयामा ऑलिंपिकला कधीच गेला नाही.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न 'ती किती चांगली खेळते' हा नाही. तिच्या देशात तिच्या वजनगटात तिच्या पुढे कोण आहे, त्या खेळाडूचे वय काय, आणि संघटना एका गटात किती जणींना परदेशी पाठवते, हे आधी विचारावे. या स्पर्धांत नाव राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते. पैसे असले तरी स्वतःहून प्रवेश घेता येत नाही. संघटनेने दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला वर्षातून एकदाच पाठवायचे ठरवले, तर तिचे गुण साठण्याआधीच आटणार.

हाजिमे_माते यांचे उत्तर

मी पंच आहे. सोदेत्सुरी यांनी लिहिलेले सर्व बरोबर असले, तरी सतरा वर्षांच्या मुलीसमोर गुणांचा हा हिशेब आताच मांडू नये असे मला वाटते. तो प्रशिक्षकांनी आणि पालकांनी ठेवावा. गुणांकडे पाहून खेळणारी मुले मला मॅटवर लगेच ओळखू येतात: एक वाझा-आरी (अर्धा गुण) मिळाला की त्यांचे पाय मागे सरकू लागतात, मग एक शिदो (नियमभंगाची ताकीद), दुसरा शिदो, आणि तिसऱ्याला लढतच जाते.

कारकीर्दीच्या संदर्भात एक गोष्ट मात्र पालकांना सहसा कोणी सांगत नाही. हा खेळ तिच्या पायाखाली बदलत राहणार आहे. नियमांत मोठे फेरबदल बहुधा एका ऑलिंपिकनंतर, नव्या आवर्तनाच्या तोंडावर होतात. पायांना हाताने थेट पकडून केलेले हल्ले २०१० पासून बंद होऊ लागले आणि २०१३ मध्ये पायाला हात लावणेच जवळजवळ संपले. ज्यांचे हुकमी डाव त्यावर उभे होते, त्यांना ऐन भरात नवे डाव शिकावे लागले. ब्राझीलची राफाएला सिल्व्हा लंडन २०१२ मध्ये अशाच कारणाने अपात्र ठरली; पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली आणि २०१६ मध्ये रिओला, स्वतःच्या शहरात, ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. पुरुषांची लढत २०१७ मध्ये पाच मिनिटांवरून चार मिनिटांवर आली, युको हा सर्वांत छोटा गुण रद्द झाला, आणि २०२५ पासून तो परत आला आहे. आता प्रतिस्पर्ध्याला पाच सेकंद जमिनीवर दाबून ठेवले तरी युको मिळतो. दहा सेकंदांना वाझा-आरी आणि वीस सेकंदांना इप्पोन, म्हणजे लढत तेथेच जिंकून देणारा पूर्ण गुण. जमिनीवरच्या झुंजीचे महत्त्व यामुळे वाढले आहे.

बरोबरी राहिली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे पहिला गुण घेणारा जिंकतो अशी जादा वेळ, सुरू होतो आणि त्याला कालमर्यादा नाही. चार मिनिटांसाठी तयार केलेले शरीर तेथे उघडे पडते. त्यामुळे एकाच हुकमी डावावर कनिष्ठ गट गाजवणारी मुलगी आणि तीन दिशांना फेकू शकणारी मुलगी यांत मी दुसरीच्या बाजूने बोलेन, जरी आज तिच्याकडे पदके कमी असली तरी.

आणखी एक बारीकसा मुद्दा. लढत चालू असताना प्रशिक्षकाला बोलता येत नाही; 'माते' (थांबा) अशी पंचाची आज्ञा झाल्यावरच सूचना देता येते. प्रत्येक पकडीगणिक बाहेरून आवाज ऐकण्याची सवय असलेली मुले वरिष्ठ गटात गोंधळतात.

अस्थिबंध यांचे उत्तर

मी फिजिओथेरपिस्ट असून ज्युदोपटूंसोबत काम करतो. ५२ किलोच्या सूचनेबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्नातील तो भाग मला सर्वांत काळजीचा वाटला.

वजन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी घेतले जाते. त्यानंतर खाऊन-पिऊन भरून काढता येईल असा समज असतो. परंतु स्पर्धेच्या दिवशी सकाळी प्रत्येक गटातील काही जणांची चिठ्ठीने निवड करून पुन्हा वजन केले जाते आणि ते गटमर्यादेच्या पाच टक्क्यांहून अधिक भरता कामा नये. ५२ किलोच्या गटात ही सीमा ५४.६ किलो होते. ५९ किलोच्या मुलीने संध्याकाळी ५२ दाखवायचे आणि सकाळीही ५४.६ च्या आत राहायचे, म्हणजे काही तासांपुरते पाणी कमी करून हे साधणार नाही. महिनोन्महिने उपाशी राहावे लागेल. वाढत्या वयात त्याची किंमत हाडे, पाळी आणि झोप या तिन्हींतून वसूल होते. याउलट ५७ च्या गटात सकाळची सीमा ५९.८५ आहे, म्हणजे तिचे नेहमीचे वजन तिच्या आत बसते. तिचा गट निसर्गानेच ठरवून दिला आहे.

युक्रेनच्या दारिया बिलोदिदचे उदाहरण सर्वांनी पाहण्यासारखे आहे. २०१८ मध्ये ४८ किलोत ती सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, ज्युदोच्या इतिहासातील सर्वांत लहान वयाची. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. ती मुळात उंच, आणि वाढतच होती. टोकियोत ४८ किलोतच कांस्य मिळवून मग ती ५७ किलोत गेली, म्हणजे मधला ५२ चा गट ओलांडून. नव्या गटात तिला पहिल्यासारखे वर्चस्व मिळाले नाही आणि पॅरिसमध्ये पदकही मिळाले नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: चेक प्रजासत्ताकाचा लुकाश क्रपालेक २०१६ मध्ये १०० किलोत ऑलिंपिक विजेता होता, नंतर वरच्या गटात गेला आणि टोकियोत १०० किलोंवरील गटातही सुवर्ण जिंकला. वर जाण्याला घाबरू नये, पण घाईने खाली ओढू नये.

दुखापतींबद्दल थोडक्यात. बोटांचे सांधे सुजलेले राहणार, कान चुरगळतील, त्यांची सवय होते. कारकीर्द मोडते ती गुडघ्यात आणि खांद्यात. गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर स्पर्धेत परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष धरावे. सोदेत्सुरी यांनी सांगितलेले गुणांचे आटणे नेमके या वेळी खेळाडूला लवकर परत खेचते, आणि दुसऱ्यांदा फाटलेले बहुतेक गुडघे मी याच घाईत पाहिले आहेत.

तातामीकाठी यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या तपशीलाने लिहिलेत, मनापासून आभार. ५२ किलोचा विषय आमच्या घरी कालच संपला, मुलीने ५४.६ चा आकडा वाचला आणि स्वतःच नाही म्हणाली.

देशांतर्गत स्थितीबद्दल सोदेत्सुरी यांनी विचारलेले प्रश्न मी प्रशिक्षकांना विचारले. तिच्या गटात पुढे दोघी आहेत, एक २८ वर्षांची आणि एक २२ वर्षांची. दुसरीचा अडथळा मोठा असणार, असे मला वाटते. आता पैशाचा आणि शिक्षणाचा प्रश्न उरतो. बक्षिसांवर खेळाडू जगू शकतो का? आणि तिशीनंतर पुढे काय?

निवृत्त७० यांचे उत्तर

मी ७० किलोत खेळत होते, आता शिकवते. बक्षिसांवर बहुतेक कोणी जगत नाही. जागतिक दौऱ्यात पैसे पदकविजेत्यांनाच मिळतात, त्यातील २० टक्के प्रशिक्षकाचे असतात, आणि पाचव्या क्रमांकाला टाळ्या मिळतात. खरा आधार असतो पगाराचा. जपानमध्ये कंपन्या आणि पोलीस दल खेळाडूंना नोकरीत घेऊन सरावासाठी मोकळे ठेवतात. इटलीत पोलीस, काराबिनिएरी आणि वित्तीय रक्षक दलाचे क्रीडासंघ आहेत. जर्मनीत सैन्याच्या क्रीडातुकड्या आहेत. फ्रान्समध्ये इन्सेप या राष्ट्रीय क्रीडासंस्थेत सराव आणि शिक्षण एकत्र चालते. जर्मन बुंडेसलिगासारख्या क्लब लीगमध्ये परदेशी खेळाडूंनाही उतरता येते, तेथे थोडी कमाई होते आणि लढतीही मिळतात. आपल्या देशात यांपैकी काय उपलब्ध आहे याची चौकशी पहिल्या पदकाआधी करावी, नंतर नव्हे. माझ्या वेळी एका संस्थेने तोंडी दिलेले नोकरीचे आश्वासन माझ्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर कोणालाच आठवेना.

वयाबद्दल म्हणाल, तर ज्युदो जिम्नॅस्टिक्ससारखा अल्पायुषी नाही. जपानच्या रियोको तानीने १९९२ ते २००८ या काळात पाच ऑलिंपिकमध्ये पाच पदके घेतली. फ्रान्सचा टेडी रिनर सप्टेंबर २०१० पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत सलग १५४ लढती हरला नाही, मग हरला, आणि तरीही २०२४ मध्ये पस्तिसाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. ऑस्ट्रियाची सब्रिना फिल्झमोझर टोकियोत उतरली तेव्हा ४१ वर्षांची होती, आणि तीही आपल्या कन्येच्याच ५७ किलोत. फ्रान्सच्या क्लारिस आग्बेन्येनूला जून २०२२ मध्ये मुलगी झाली. पुढच्या मे महिन्यात दोहा येथे ती सहाव्यांदा जगज्जेती झाली आणि पॅरिसला तिने कांस्य मिळवले. माझ्या पिढीत मूल म्हणजे निवृत्ती असेच गृहीत धरले जाई, त्यामुळे दोह्याचा तो अंतिम सामना मी उभी राहून पाहिला.

२२ वर्षांच्या खेळाडूला आपण अडथळा म्हणालात. मला त्या शब्दाबद्दल थोडे बोलायचे आहे. माझ्या गटात माझ्या पुढे अशीच एक होती आणि सहा वर्षे रोज सकाळी तीच माझी रांदोरीची जोडीदार होती. ऑलिंपिकची जागा तिला मिळाली. मला जी दोन खंडीय पदके मिळाली, ती तिच्या हातांची सवय असल्यामुळे मिळाली. आता मिश्र सांघिक प्रकार टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे, त्यात महिलांच्या तीन गटांपैकी एक ५७ चाच आहे, तेव्हा या गटात भक्कम दुसरी खेळाडू असणे संघालाही हवे असते. आपली मुलगी आणि ती एकाच केंद्रात सराव करू शकतील का, हे प्रशिक्षकांना विचारावे.

शिक्षण सोडू नये. पदवी चार वर्षांऐवजी सहा वर्षांत पूर्ण होईल, होऊ द्यावी.

सोदेत्सुरी यांचे उत्तर

निवृत्त७० यांच्या शेवटच्या सूचनेला माझे अनुमोदन. मीच मागे स्पर्धेवर एवढा भर दिला की जोडीदाराचा मुद्दा राहून गेला.

आणखी एक व्यावहारिक बाब. तिचे नाव उत्तेजकचाचणीच्या नोंदणीयादीत गेले, तर रोज एका तासासाठी ती नेमकी कोठे सापडेल हे आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या तर तो नियमभंग धरला जातो, शरीरात काहीही सापडले नसले तरी. ही माहिती खेळाडूच्या नावावर असते; घरच्यांनी भरून दिली आणि चुकली, तरी बंदी तिलाच. तसेच खोकल्याचे औषध, दम्याचा पंप किंवा शक्तिवर्धक पूड, काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वर उल्लेख आलेल्या राफाएला सिल्व्हालाही २०१९ मधील फेनोटेरॉलच्या चाचणीमुळे दोन वर्षांची बंदी आणि टोकियोचे ऑलिंपिक गमवावे लागले. फेनोटेरॉल हे दम्यावरचे औषध आहे.

तातामीकाठी यांचे उत्तर

एकाच केंद्रातील सरावाबद्दल विचारले. त्या खेळाडूच्या प्रशिक्षकांनी आठवड्यातून दोन दिवस यायला सांगितले आहे. पुढच्या महिन्यापासून ती जाणार आहे. वरिष्ठ गटातील पहिली स्पर्धा शिबिरासह घ्यायची आणि परतीचे तिकीट शिबिर संपल्यानंतरचे काढायचे, एवढे आम्ही ठरवले आहे.